लाल कार्ड, पिवळं कार्ड आणि दिल्लीची बातमी

पिंपळनेर आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही समन्वयक. एरवी आम्ही इथे येतो ते हप्ते, बँकेचं कर्ज, शेळीपालन, पापड-कुरडया असलं बोलायला. आज विषय वेगळा आहे, आणि तो तुम्हीच काढलेला आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीहून एक बातमी आली. सिकलसेलवर आपल्याच देशात जनुकीय उपचार तयार झाला, त्याला भगवान बिरसा मुंडांचं नाव दिलं, 'बिरसा १०१'. मोबाइलवर ती बातमी गावोगाव फिरली. त्यानंतर गटाच्या बैठकीत हप्ता भरायच्या आधी बाया विचारू लागल्या, ताई, ते औषध आपल्या दवाखान्यात कधी येणार? एका गटात तर एक आजीबाई नातवाचं लाल कार्ड पदरात बांधूनच आल्या होत्या. तेव्हा ठरवलं की जेवढं नीट समजून घेता येईल तेवढं घ्यायचं आणि रेडिओवर सांगायचं.

आधी हे सांगतो की हा विषय बचत गटाचा कसा. आमच्या गटांच्या कर्जाच्या वह्या काढून बघा. कर्ज कशासाठी घेतलं, त्या रकान्यात बियाणं, खत, लग्न, शाळेची फी असं लिहिलेलं असतं. आणि मधूनमधून 'दवाखाना'. एकच बाई पौषात पाचशे घेते, चैत्रात दीड हजार, पावसाळ्यात पुन्हा हजार. नाव तेच, कारण तेच, मुलाचं दुखणं. कधी भगताकडचा कोंबडा, कधी खासगी दवाखान्यातली सलाईन, कधी साक्रीला किंवा धुळ्याला जायची गाडी. शेकडा दोनने व्याज चालू असतं आणि मूल मात्र बरं होत नाही. "पोऱ्याना हातपाय दुखतस," एवढंच आई सांगते. कोणी म्हणतं वाढीचं दुखणं, कोणी म्हणतं "बाहेरनं शे". अशा वहीत सिकलसेल आधी दिसतो, तपासणीच्या कागदावर नंतर.

तर हा आजार काय आहे? आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, मऊ, चकतीसारख्या असतात. अगदी बारीक नळीतूनही त्या दबून, वाकून निघून जातात. या पेशींत हिमोग्लोबिन असतं, ते अंगभर प्राणवायू पोचवतं. त्याच्या एका भागात १४६ मण्यांची माळ असते असं समजा. सिकलसेलमध्ये त्या माळेतला फक्त सहावा मणी बदललेला असतो. बाकी १४५ जसेच्या तसे. पण त्या एका मण्यामुळे प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात, पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून सिकलसेल. अशा विळ्या बारीक नळीत अडकतात, पुढचं रक्त थांबतं, आणि जिथे थांबतं तिथे कळ उठते. ही कळ नाटक नसते. शाळेत न जायची सबब नसते. मोठा माणूस जमिनीवर लोळतो अशी ती कळ असते. शिवाय या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी राहतं आणि डोळे पिवळे दिसतात. कित्येक मुलांना त्यामुळे कावीळ समजून नुसती उतरवून आणतात.

१९१० मध्ये शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी अशा पेशींबद्दल पहिल्यांदा छापून लिहिलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या कणातच आहे. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासी लोकांत सापडला. आपल्या सातपुड्यातल्या, नंदुरबार-धुळ्याकडच्या भिल्ल, पावरा, कोकणा बांधवांत तो किती आहे हे शोधायला पुण्याच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाचे डॉ. सुदाम काटे वर्षानुवर्षं डोंगरपाड्यांत हिंडले. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. आजार फक्त आदिवासींचा आहे असंही कोणी समजू नये. विदर्भात तो इतरही समाजांत भरपूर आहे.

आपल्याकडेच का, असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर ऐकून आम्हालाही नवल वाटलं. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं की ज्याच्या अंगात सिकलसेलचा एकच वाटा आहे, त्याला हिवतापाने मरायची भीती कमी. म्हणजे जिथे डास आणि हिवताप पिढ्यानपिढ्या होता, तिथे हा एक वाटा असलेली माणसं जास्त जगली आणि तो वाटा पुढच्या पिढ्यांत टिकला. रानात राहून हिवतापाशी झगडलेल्या पूर्वजांची ही खूण आहे. कोणाच्या पापाचा, शापाचा यात संबंध नाही.

आता कार्डांचं. प्रत्येकाकडे हिमोग्लोबिनच्या या भागाचे दोन वाटे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. दोन बांगड्या समजा. हिरवी म्हणजे साधी, निळी म्हणजे सिकलसेलची. दोन्ही हिरव्या असल्या तर काहीच नाही. एक हिरवी एक निळी असली तर ती व्यक्ती वाहक, तिला पिवळं कार्ड मिळतं. दवाखान्यात याला एएस पॅटर्न म्हणतात. वाहक माणूस आजारी नसतो. शेतात राबतो, पोलीस भरतीला पळतो, म्हातारा होतो. दोन्ही निळ्या असल्या तर तो एसएस, त्याला लाल कार्ड. दुखणं लाल कार्डवाल्याचं.

आई एकच बांगडी देते, बापही एकच. म्हणून मूल लाल कार्डाचं झालं याचा अर्थ निळी बांगडी दोघांकडूनही आली. दोघांकडूनही! हे आम्ही दोनदा म्हणतोय कारण आमच्या गावांत अजूनही सुनेला ऐकवतात, तुझ्या माहेरचं दुखणं आणलंस. एका पाड्यावर तर दोन लाल कार्डांची मुलं असलेल्या बाईला माहेरी पाठवून दिलं आणि नवऱ्याचं दुसरं लग्न करायची बोलणी सुरू झाली. गटातल्या बाया जाऊन बसल्या. सासूबाईंना त्यांच्याच मुलाचं पिवळं कार्ड दाखवलं. सासूबाई बराच वेळ ते कार्ड उलटंसुलटं करत राहिल्या. ती बाई परत आली. सगळं गोड झालं असं आम्ही म्हणणार नाही, पण आली.

आणखी एक गैरसमज. आई-बाप दोघंही पिवळ्या कार्डाचे असतील तर सांगतात की चारात एक मूल आजारी होऊ शकतं. यावरून काही घरांत हिशेब करतात की पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुटली. तसं नसतं. प्रत्येक बाळंतपणाला फासे नव्याने पडतात. दर वेळी चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण साध्या रक्ताची. पहिल्या मुलाचं काय झालं हे दुसऱ्याच्या बांगडीला माहीत नसतं.

बाळ जन्मतं तेव्हा ठणठणीत असतं. सहा महिने, वर्ष उलटतं आणि मग एक दिवस हातापायाची बोटं सुजतात, रक्त कमी होतं. घरात म्हणतात दृष्ट लागली, वरचं दूध बाधलं. त्याचं खरं कारण १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या मुलांच्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी ओळखलं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात तो बिघडलेला मणी नसतोच. जन्मानंतर ते हळूहळू कमी होतं, मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन त्याची जागा घेतं आणि तेव्हा आजार उघडा पडतो.

मैत्रिणींनो, ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजचे महत्त्वाचे उपचार हिच्यावर उभे आहेत. बाळपणीचं ते हिमोग्लोबिन मोठेपणी पुन्हा वाढवता आलं तर? ते काम करणारी साधी गोळी आहे, हायड्रॉक्सीयुरिया. १९९५ मध्ये अमेरिकेत २९९ मोठ्या रुग्णांवर तिची चाचणी छापून आली. दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्याने कमी झाले. तरी शंका होती की गरीब मुलखात, हिवतापाच्या मुलखात ही गोळी लहान मुलांना द्यावी का. मग अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांत ६०६ मुलांना ती दिली गेली. २०१९ च्या आसपास निकाल आला. दुखणं कमी, रक्त चढवणं कमी, मृत्यू कमी, आणि हिवतापसुद्धा कमी.

आपल्या राज्यातलंही काम आहे. भारतातल्या अनेक रुग्णांत बाळपणीचं हिमोग्लोबिन मुळातच थोडं जास्त राहतं, म्हणून पूर्वी समजूत होती की आपल्याकडचा आजार सौम्य. नागपूरला जन्मतःच तपासलेल्या मुलांवर लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं की कित्येकांना तो चांगलाच जड जातो. नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त त्रास असलेल्या मुलांना कमी मात्रेत, वजनाच्या किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, ही गोळी देऊन बघितली. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कोणाला कुठली हे डॉक्टरांनाही माहीत नाही, अशी काटेकोर चाचणी. २०१२ मध्ये ती छापली गेली. खऱ्या गोळीच्या मुलांत झटके, रक्त चढवणं आणि दवाखान्यात भरती होणं, तिन्ही फारच कमी झालं. आमच्या मते आपल्या भागासाठी दिल्लीच्या बातमीपेक्षा ही नागपूरची बातमी मोठी आहे, फक्त ती मोबाइलवर फिरली नाही.

गोळी मिळते, पण लोक सोडतात, आणि त्याची कारणं आम्ही ऐकलेली आहेत. एक म्हणजे शिकलेला भाचा पाकीट वाचतो आणि सांगतो, मामी, हे तर कॅन्सरचं औषध आहे. खरं आहे, रक्ताच्या काही कर्करोगांतही ते वापरतात. पण म्हणून तुमच्या मुलाला कर्करोग झालेला नसतो. दुसरं, दोन महिने बरं वाटलं की गोळी बंद. बरं वाटतं ते गोळीमुळेच, आणि ती बंद केल्यावर बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा उतरतं. तिसरं, रक्ततपासणीचा कंटाळा. या गोळीने कधी पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून सुरुवातीला वरचेवर आणि नंतर ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. ते टाळायचं नाही. आणि दिवस राहायचा विचार असेल तर, बाई गोळी घेत असो की पुरुष, डॉक्टरांना आधी सांगायचं. आपल्या मनाने मात्रा वाढवायची नाही, शेजारणीच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला द्यायची नाही.

रक्त कमी दिसलं की लोहाच्या लाल गोळ्यांचं पाकीट घरी येतं. सिकलसेलमध्ये रक्त लोहाअभावी कमी नसतं, पेशी फुटतात म्हणून कमी असतं. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात लोह उलट साठत जातं. त्यामुळे लाल कार्डवाल्याला लोहाची गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळी, ती बहुतेकांना देतात.

आता बिरसा १०१. त्याच्या आधी परदेशात काय झालं ते बघू. तिथल्या शास्त्रज्ञांनी क्रिस्पर नावाची जनुकं कापायची कात्री वापरली. आपल्या हाडांच्या मगजात रक्त तयार होतं. तिथल्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यातलं बाळपणीचं हिमोग्लोबिन बंद करणारं बटण त्या कात्रीने निकामी करायचं आणि पेशी पुन्हा रुग्णाला द्यायच्या. म्हणजे गोळी जे थोडंथोडं करते ते कायमचं करायचं. व्हिक्टोरिया ग्रे नावाच्या अमेरिकन बाईंना २०१९ मध्ये हा उपचार दिला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली. पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर एकही मोठा झटका आला नव्हता. वारंवार भरती होणाऱ्या माणसांची ही गोष्ट आहे.

पण २०२३ मध्ये त्याची किंमत होती २२ लाख डॉलर, आपल्या पैशात तेव्हा साधारण १८ कोटी. आणि नव्या पेशी देण्याआधी जुन्या मगजातल्या पेशी जबर औषधाने मारून टाकाव्या लागतात. त्यात केस जातात, जंतुसंसर्गाची भीती असते, मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. आठवडेच्या आठवडे मोठ्या रुग्णालयात राहावं लागतं.

बिरसा १०१ दिल्लीच्या सीएसआयआरच्या जनुकशास्त्र संस्थेत तयार झालं. त्यांनी आपली स्वतःची कात्री बनवली आहे, आणि पुढचं उत्पादनाचं काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं आहे, कारण आपल्या लोकांना परवडेल असं काही करायचं तर ते इथेच बनायला हवं. अभिमानाची गोष्ट आहे. पण बाटलीतून घेऊन जायचं औषध ते नाही. रुग्णांवरच्या चाचण्या, परवानगी, मग मोठी रुग्णालयं, अशी त्याची वाट आहे. त्या आजीबाईंना आम्ही हेच सांगितलं, की नातवाला त्या दिवसापर्यंत धडधाकट ठेवायचं ते गोळीने. त्यांना ते आवडलं नाही. त्यांना दिल्लीला जायचं होतं.

नवं म्हणजे चांगलंच असंही नसतं. व्हॉक्सेलोटर नावाचं एक महागडं औषध अमेरिकेत २०१९ मध्ये आलं, मोठा गाजावाजा झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण त्यातून धोके दिसू लागले होते. उद्या कोणी तुम्हाला गावात येऊन सिकलसेल मुळापासून बरा करणारी पुडी विकू लागला, तर त्याला विचारा, चाचणी कुठे झाली आणि किती माणसांवर?

तपासणी मात्र फुकट आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं लक्ष्य आहे. शिबिरात पहिली जी तपासणी होते, द्रावणाची, ती फक्त सांगते की निळी बांगडी आहे. एक की दोन, ते तिला कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते. म्हणून पहिल्या तपासणीवर 'आहे' म्हटलं की रडत बसू नका आणि 'वाहकच असेल' म्हणून निवांतही होऊ नका. दुसरा कागद हातात घ्या.

आणि कार्ड लपवू नका. आम्हाला माहीत आहे की मुलीच्या बापाला ते ट्रंकेच्या तळाशी का ठेवावंसं वाटतं. पण पिवळ्या कार्डाच्या मुलीचं साध्या रक्ताच्या मुलाशी लग्न झालं तर एकही मूल लाल कार्डाचं होत नाही. प्रश्न येतो तो पिवळ्याचं पिवळ्याशी जमलं तर. तेव्हाही लग्न मोडलंच पाहिजे असं नाही. दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांच्या सुमारास पोटातल्या बाळाची तपासणी होऊ शकते, मुंबईला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय संस्थेत हे काम चालतं. पण दोन पिवळी कार्डं आहेत हे आधी माहीत हवं ना. म्हणून आमच्या काही गटांनी ठरवलं आहे की पत्रिका बघायच्या दिवशी कार्डंही मांडायची, मुलाचं आणि मुलीचं, दोघांचं. फक्त मुलीचं मागणाऱ्याला गटातल्या बाया चहा देत नाहीत!

आता दिवाळीनंतर ज्यांची बिऱ्हाडं ऊसतोडीला बारडोलीकडे जातात, त्यांच्यासाठी. थंडी, तहान, अतिश्रम आणि ताप, यांनी झटका येतो, आणि फडावर हे चारही असतात. निघायच्या आधी दवाखान्यात सांगून दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागून घ्या. लाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवा. गुजरातमध्येही सिकलसेलचं सरकारी काम बरंच जुनं आहे, कार्ड तिथे ओळखतात. मुलाला पहाटे फडावर उघडं नेऊ नका, पाण्याची बाटली त्याच्या हाताशी द्या, तहान लागायची वाट बघू नका. ताप १०१ च्या वर गेला तर झोपडीत रात्र काढायची नाही, त्याच रात्री दवाखाना. या मुलांना जंतुसंसर्ग फार झपाट्याने चढतो. १९८६ मध्ये अमेरिकेत दिसलं होतं की लहान वयात रोज पेनिसिलिन दिल्याने अशा मुलांतले जिवावरचे संसर्ग खूप कमी झाले, म्हणून पाच वर्षांच्या आतल्या मुलासाठी त्याबद्दलही डॉक्टरांना विचारा.

आणि एक गोष्ट जिला पैसे लागत नाहीत. पोटात डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली पाणथरी असते. कधीकधी या मुलांचं रक्त अचानक तिथे साठतं, पाणथरी फुगते, मूल पांढरंफटक पडतं आणि काही तासांत दगावू शकतं. जमैका बेटावर डॉ. ग्रॅहम सर्जंट यांच्या दवाखान्यात आयांना ही पाणथरी हाताने चाचपायला शिकवलं. त्यामुळे मुलं वेळेवर दवाखान्यात पोचली आणि मृत्यू कमी झाले. शिकायला अवघड नाही. मूल उताणं निजवायचं, गुडघे वाकवायचे, बेंबीपासून डाव्या बरगडीकडे बोटं हलकेच सरकवत न्यायची. आपल्याकडच्या काही मुलांची पाणथरी एरवीही थोडी हाताला लागते, म्हणून रोजची किती लागते ते माहीत हवं. एकदा नर्सताईंकडून हात धरून शिकून घ्या. येत्या महिन्याच्या गटबैठकांत आम्ही त्यांना बोलावलं आहे. लाल कार्डाच्या मुलांना सोबत आणा. सासूबाईंनाही आणा, कारण तुम्ही फडावर गेल्यावर मूल मागे राहिलं तर हात त्यांचाच असणार आहे.